डावं बटण, उजवी पट्टी

मंगळवार, ३ मार्च
मी निवृत्त झाले म्हणजे डोकं गहाण ठेवलं, असं चिरंजीवांना वाटतं. ह्यांच्या माघारी मोटरबोट कशाला, विकून टाकू, म्हणतो. शेवटी ठरलं: रविवारी मी त्याला आणि वन्संना समोरच्या बेटापर्यंत न्यायचं, कोरडं परत आणायचं. जमलं तर बोट राहील. जमलं तर म्हणे! बत्तीस वर्षं शाळा चालवली आहे मी.

बुधवार, ४ मार्च
सराव. बोट डावीकडे कलते. मेकॅनिक म्हणाला, काकू, मागे पाण्यात दोन पट्ट्या आहेत, ट्रिम टॅब. पट्टी खाली केली की मागची ती बाजू उचलते, नाक दुसऱ्या बाजूला दबतं. कुबड्याच म्हणायच्या! माहितीपुस्तिका उघडली. पहिल्याच पानावर व्याकरणाच्या तीन चुका. मिटली. वन्संनी ती घरी नेली, पेन्सिलीसकट. हौस.

शुक्रवार, ६ मार्च, सकाळी ८
सुकाणूजवळचं डावं बटण दाबलं की उजवी पट्टी हलते! मेकॅनिक म्हणतो, असंच असतं काकू, डावं बटण नाकाची डावी बाजू दाबायला. कॉन्व्हेंटमध्ये अकरा वर्षं काढली आहेत. डावं कुठलं ते मला शिकवू नये. वायरी बदलून घेतल्या. त्याने कपाळाला हात लावला. ग्रीसचा.

दुपारी १२
दोन्ही पट्ट्या पूर्ण खाली. समोरून येणाऱ्या लाटांवरून बोट इस्त्रीसारखी फिरली. संकल्प: आता बटणांना हात लावायचा नाही.

रविवार, ८ मार्च
जाताना झकास. चिरंजीव बेटाचे फोटो काढत होता, म्हणजे हरला. परतताना लाटा मागून. बोटीने नाक पाण्यात खुपसलं आणि गर्रकन लाटेला आडवी वळली. सगळे नखशिखांत भिजलो. चिरंजीव ओरडला, आई, पट्ट्या! मी संकल्प मोडत नाही. वन्संना पोहताही येत नाही. पण त्यांनी माझ्या कोपराखालून हात घातला आणि बटणं दाबून दोन्ही पट्ट्या वर घेतल्या. नाक उचललं. मागून लाट असली की वर घ्यायच्या, वहिनी, पान चौदा, म्हणाल्या. आगाऊपणा.
धक्क्यावर चिरंजीव म्हणाला, बोट विकायची नाही. जिंकले!

सोमवार, ९ मार्च
किल्ली वन्संकडे. तात्पुरती, असं मी ठरवलं आहे. त्यांनी वायरी पूर्ववत करून घेतल्या. मेकॅनिक त्यांना मॅडम म्हणतो.

रविवार, १५ मार्च
हल्ली मी देखरेख करते. ती धक्क्यावरूनच नीट होते. आज वन्सं एकट्या निघाल्या. थोडी तरी कलेल म्हणून वीस मिनिटं उन्हात उभी राहिले. दिसेनाशी होईपर्यंत बोट सरळच होती.