तीन शेडांतलं एक काम

मी, बंडप्पा गुरप्पा हत्तरगे, वय वर्षं एकाहत्तर, धंदा मशीनशॉप, राहणार उमरगा, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून, कुणाच्याही दाबाखाली न येता, स्वतःच्या हातानं लिहीत आहे. काळजाच्या झडपेनं दगा द्यायला सुरुवात केली असली तरी डोकं जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शाळा माझी सातवीत सुटली. यातले कायद्याचे शब्द वकीलसाहेबांनी सांगितलेले आहेत, बाकीचे माझे. कुठं घसरले असतील तर सांभाळून घ्यावं.

माझ्या पश्चात पत्नी चन्नम्मा, मुलगा रणधीर आणि परंड्याला दिलेली मुलगी दीपमाला असे तीन वारस आहेत. खाली लिहिलेली मिळकत माझ्या स्वतःच्या कमाईची आहे, वडिलार्जित नाही. वडिलांनी मला फक्त नाक आणि हट्ट दिला. त्यांची वाटणी देवानंच करून टाकली आहे. नाक दीपमालाला गेलं, हट्ट रणधीरला.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक चन्नम्माला. ती असेपर्यंत त्या घरातलं एक भांडंही तिला विचारल्याशिवाय हलू नये. नंतर दोन्ही मुलांना सारखं. हात जोडून मागितलं तर ती सगळंच देऊन टाकेल, हे मुलांना ठाऊक आहे. म्हणून कुणी हात जोडू नयेत.

कलम २. जुना हातानं चालवायचा लेथ, मायक्रोमीटरच्या पेट्या आणि भिंतीवरचे सगळे पाने दीपमालाला. जावयांचं पंप दुरुस्तीचं दुकान आहे, तिथं उपयोगाला येतील. पेट्या उघड्या ठेवू नयेत, धुळीनं मायक्रोमीटर खोटं बोलायला लागतो.

कलम ३. लेथवर जॉब धरून ठेवणारा माझा चार जबड्यांचा चक चुलतभाऊ वीरभद्र यानं चार दिवसांसाठी म्हणून नेला, तेव्हा रणधीर पाळण्यात होता. तो चक वीरभद्रलाच राहू द्यावा. माझ्या मागं होणाऱ्या शिवगणाराधनेच्या जेवणाला तो आला तर पोटभर वाढावं, पण पहिल्या पंगतीला बसवू नये.

कलम ४. हायवेकडचं माझं शेड, त्याखालची जागा आणि वीजजोडणी रणधीरला. त्या शेडात त्यानं स्वतःच्या नावावर घेतलेली नवी व्हीएमसी मशीन उभी आहे. ती त्याची आहे, तिच्याशी माझा संबंध नाही.

कलम ५. माझ्या नावावरची सीएनसी लेथ, जिला आम्ही टर्निंगची मशीन म्हणतो, ती मी रणधीरला देत नाही. ती मी आमच्याच रांगेतल्या शेजारीण बानूबाई महेबूब मुजावर यांना कायमची देत आहे. का, ते सांगणं भाग आहे. नाहीतर गाव म्हणेल, म्हाताऱ्याला भूल पडली.

आमच्या रांगेत तीन शेडं. माझ्याकडं टर्निंगची मशीन, ती गोल काम करते. शेजारी राजपाल बाबू बनसोडे यांच्याकडं व्हीएमसी, ती खाचा आणि भोकं पाडते. पलीकडं बानूबाईंकडं वायरकट, ती तारेनं पोलाद कापते. हे आपोआप जमून आलेलं नाही. आधी या रस्त्यावर सगळ्यांनी एकसारख्याच मशिनी घेतल्या आणि एकमेकांचे भाव पाडत बसलो. एका भाकरीला चार कुत्री, अशी गत. बानूबाईंचे मालक महेबूबभाई तेव्हा हयात होते. त्यांनी तोड काढली: ज्याच्या शेडात जी मशीन, ती दुसऱ्यानं घ्यायची नाही. जॉबचा, म्हणजे करायच्या मालाचा, ट्रे माझ्याकडून राजपालकडं जायचा, तिथून बानूबाईंकडं, आणि तिथून गिऱ्हाइकाकडं. महेबूबभाई गेले, बानूबाई स्वतः वायरकटवर उभ्या राहिल्या, तरी ट्रे फिरतच राहिला.

त्याला जोडून आमची एक रीत होती. खंडेनवमीला मशिनी बंद, पण आपली मशीन आपण पुसायची नाही, शेजाऱ्यानं पुसायची. माझी राजपाल पुसायचा, राजपालची बानूबाई, बानूबाईंची मी. ज्याला पूजा करायची त्यानं नंतर करावी. आपल्या घरातली गळती आपल्याला दिसत नाही, शेजाऱ्याला दिसते. राजपालनं असं पुसता पुसता माझ्या मशीनचा फाटका पट्टा दोनदा दाखवून दिला होता.

मागच्या साली हैदराबादकडच्या एका पंपाच्या कंपनीचा माणूस आला. रणधीर मला म्हणाला, "आप्पा, त्यांला सगळं काम एका छताखाली पायजे. तीन शेडांत जॉब फिरतो, बिघडला की कुणाचं बोट कुणाकडं. न्हाय जमलं तर काम पुण्याला जाईल."

मी म्हणालो, "राजपालशी बोल."

"बोलून काय हुतंय? ते काय त्यांची मशीन उचलून आपल्यात आणून ठेवणार हायत का?"

पोराचं बोलणं खोटं नव्हतं, आणि आजही मी ते खोटं म्हणत नाही. पण त्यानं न बोलता व्हीएमसी मागवली. दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू करायची म्हणून गाडीवाल्याला घाई केली, आणि मुहूर्त साधायच्या नादात ती नेमकी खंडेनवमीला सकाळी शेडात उतरली. त्याच दिवशी शेजारी फडकं घेऊन येतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

राजपाल आला. माझी मशीन त्यानं नेहमीसारखी पुसली, दरवाजाच्या खाचेतला पोलादाचा किससुद्धा काढला. मग प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या नव्या मशीनसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आप्पा, ही बी पुसू का?"

रणधीर म्हणाला, "काका, तसं काय न्हाय..." राजपालनं फडकं घडी करून खिशात घातलं आणि गेला. त्या दिवसापासून ट्रे फिरलेला नाही. राजपाल काम सोलापूरहून आणतो, टर्निंगही तिकडूनच करून घेतो. रणधीरचं काम त्याच्याच शेडात संपतं. मधल्यामध्ये बानूबाईंची वायरकट उपाशी. दोघांच्या भांडणात त्यांचा काडीचा दोष नाही, आणि सगळ्यात जास्त भोगतात त्या.

मी आधी ठरवलं होतं, टर्निंगची मशीन राजपालला द्यावी. त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, "आप्पा, तुमच्या पोराच्या ताटातलं उचलून मला न्हाय खायचं. आणि तुमी तरी कसं वो असं इचारताव?" चहा पाजला, रस्त्यापर्यंत सोडायला आला, पण शेडाकडं चला म्हणालो तर नाही आला.

मग वकीलसाहेबांना विचारलं, मशीन रणधीरला देतो, पण व्हीएमसीचं काम राजपालकडंच द्यावं आणि बानूबाईंना सोडू नये, अशी अट घालता येईल का? ते म्हणाले, "आप्पा, शेजाऱ्याशी नीट वागण्याची अट कोर्टात टिकत नाही. देणं टिकतं."

म्हणून देतो आहे. रणधीरच्या शेडात गोल काम करणारी मशीन उरणार नाही. राजपालकडं ती पहिल्यापासून नाही. दोघांनाही ती लागतेच, आणि ती दोघांपैकी कुणाच्याच नाही, बानूबाईंच्या शेडात असेल. माया सांगून माणसं जवळ येत नसतील तर निदान नडीनं तरी एका दारात यावीत.

बानूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या भडकल्या. "अल्ला! आप्पा, तुमचं डोस्कं ठिकाणावर हाय का? पोरगं मला शिव्या देईल."

"देईल थोडे दिवस."

"आणि चालवायची कुनी? मला तारेचं येतं, हे गोल काम न्हाय येत."

"रणधीरला येतं. तो येईल चालवायला."

मग त्या म्हणाल्या, "येऊ द्या. राजपालबी येऊ द्या. पन दोघं एकदम आले तर आधी बसून माझ्या हातचा चहा प्यायचा, मग मशीनला हात. हे लिवा तुमच्या कागदात."

लिहिलं. कोर्टात टिको न टिको.

कलम ६. मशीन हलवताना क्रेनचा पट्टा पायाच्या चौकटीलाच लावावा, चकाला किंवा दरवाजाला लावू नये. हलवण्याचा खर्च माझ्या बँकेतल्या शिलकीतून व्हावा. नव्या जागी पातळी रणधीरनं धरावी. त्या मशीनचा कल त्याच्याइतका कुणाला कळत नाही. तो आला नाही तर राजपालला बोलवावं. तोही आला नाही तर कुणालाही बोलवावं आणि हे दोघं पुन्हा एका दारात येत नाहीत ही माझी काळजी खरी ठरली असं समजावं.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी दीपमालानं करावी. ती भावावर माया करते आणि त्याला भीत नाही. अशी दोन्ही करणारी माणसं थोडी असतात.

कलम ८. रणधीर, हे तुला. मी तुझा हात तोडतो आहे, असं तुला वाटेल. कदाचित मी तेच करत असेन. कंपनी काम काढून घेईल, तू म्हणशील म्हाताऱ्यानं बुडवलं, आणि तुला खोटं पाडायला मी नसेन. तू दुसरी टर्निंगची मशीनही आणू शकतोस, तुला कोण अडवणार? मला एवढंच कळतं की कंपनी आज हैदराबादला आहे, उद्या आणखी कुठं. राजपालचं शेड मात्र तुझ्या भिंतीला भिंत लावून आहे. राग आला तर माझ्या नावानं काढ. बानूबाईंच्या दारात जाऊन काढू नको.

हे लिहीत असताना रणधीर वकीलसाहेबांच्या दारात मोटारसायकलवर बसला आहे. दवाखान्यातून मला इथं त्यानंच आणलं. मशीन आपल्याच नावे होते आहे, असं तो धरून चालला आहे. मघाशी आत डोकावून त्यानं विचारलं, "आप्पा, पाणी आणू का?" आणि बाटली आणून दिली. ती माझ्यासमोर आहे, अजून उघडलेली नाही.

माझ्या मागं दुसऱ्या कुणी वाचून दाखवावं इतकं ते पोर परकं नाही. म्हणून सह्या झाल्या की हा कागद मी आधी त्याच्याच हातात देणार आहे. त्यानं इथंच, माझ्यासमोर वाचावा. मग मला गाडीवर मागं बसवलं तर बसेन. नाहीतर उमरग्यात रिक्षा मिळतात.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्या दोघांना यातलं काहीही मिळणार नाही.

सही: बंडप्पा गुरप्पा हत्तरगे

साक्षीदार:
१. डॉ. प्रीती शिरसाठ, दवाखाना, उमरगा
२. बलभीम जाधव, हॉटेलचालक, उमरगा

स्थळ: उमरगा, जिल्हा धाराशिव
दिनांक: ७ जानेवारी २०२६