इकडे बघू नकोस

प्लोव्दिव,
९ फेब्रुवारी १९९९

स्तोयनाताई,

सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र आणि भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीची बरणी, दोन्ही पोचलं. इथे थंडी फार आहे, नळ गोठलेत, माझी पाठ नेहमीसारखी कुरकुरतेय. तुमचा गुडघा कसा आहे? अंगणातला बर्फ स्वतः उपसत बसू नका. शेजारच्या पेत्कोला सांगा, नुसता फाटकाशी उभा राहून गप्पा हाणतो.

वीस तारखेला नेवेनाला जाऊन वर्ष होईल. फाटकावर, बेकरीच्या दारावर, बसथांब्यावर नवीन शोकपत्रक लावायचंय आणि त्यासाठी फोटो हवा, असं लिहिलंत. ‘माझ्या पोरीचे खरे फोटो तूच काढलेस, असं सगळे म्हणतात. मग ती माझ्याकडे बघतेय असा एक दे.’ एवढंच तर मागितलंत. तीन आठवडे मी उत्तर दिलं नाही. ‘शोधत होते’ असं लिहिणार होते.

शोधायला काही नव्हतंच. दोन वर्षांत, तिच्या गाण्याच्या दौऱ्यांवर, कॅसेट कंपनीसाठी मी तिचे अकरा हजार फोटो काढले. गाडीत तोंड उघडं टाकून झोपलेली, तुमच्याच बरणीत बोट घालून चाटणारी, ओल्या केसांनी सूर लावणारी. त्यातला मी ठेवलेला एकही समोर बघणारा नाही. पहिल्याच दिवशी मी तिला दम दिला होता, “मी इथे नाहीच असं समज. माझ्याकडे बघितलंस की फोटो गेला.” ती हसली. “म्हणजे भुतासारखी फिरणार होय माझ्यामागे, मावशी?” पण शिकली लगेच. अठरा वर्षांची पोर, मी कॅमेरा उचलला की नजर वळवायची. यालाच लोक ‘सहज टिपलेलं’ म्हणतात आणि माझ्यावर लेख लिहितात.

आता तुमच्या फाटकावरचा फोटो. खिडकीकडे वळलेलं तोंड, कपाळाला चिकटलेले केस. ती गेल्यावर काढलेल्या कॅसेटवर तोच होता म्हणून चाळिसाव्या दिवसाच्या शोकपत्रकासाठी कंपनीने तोच छापून पाठवला. त्याला सोफियात बक्षीस मिळालं. परीक्षक तिच्या एकटेपणाबद्दल बरंच काही बोलले. मी फुलं घेतली, जेवले, प्यायले, घरी आले.

आणि तुम्ही लिहिता, ‘बाहेरून आले की रोज पोरगी तोंड फिरवून बसलेली. द्राक्षवेली छाटायच्या सणाला आली नाही म्हणून त्या शेवटच्या दिवशी सकाळी फोनवर मी तिला टाकून बोलले होते. माझ्यावर रुसूनच गेली ती.’

ताई, ती रुसली नव्हती.

तो फोटो स्तारा झागोराच्या सभागृहातला, मेकअपच्या खोलीतला, दुपारी चारचा. सकाळपासून तिच्या पोटात दुखत होतं. मॅनेजर क्रुम दारातूनच ओरडून गेला, “नाटकं पुरे! दोन हजार लोक यायचेत. लिंबू चोख आणि ऊठ.” मी कोपऱ्यात होते. खिडकीतून उजेड फार सुंदर येत होता. मला तो अजून आठवतो, आणि आठवतो याची किळस येते. मी खटका दाबला, नेमकी त्याच क्षणी ती वळून सरळ माझ्याकडे बघायला लागली.

“मावशी, आईला फोन लाव ना. तिला म्हणावं, ये.”

मी म्हणाले, “इकडे बघू नकोस गं. जरा खिडकीकडे बघ.”

तिने ऐकलं. पुढचा फोटो तुमच्या फाटकावर आहे.

फोन नंतर लावू, म्हटलं. नंतर ती पाच गाणी गायली आणि स्टेजमागे कोसळली. दुपारीच आणायला हवी होती, असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही इस्पितळात पोचलात तेव्हा ती कुणाला ओळखत नव्हती. वर्षभर मी क्रुमला शिव्या देतेय. ते सोपं जातं. अंत्ययात्रेत तुम्ही मला मिठी मारून म्हणालात, “तू होतीस तिच्याजवळ, तेवढाच आधार.” मी ती मिठी घेतली.

ती माझ्याकडे वळली तो फोटो तेव्हा मी लाल पेन्सिलीने फुली मारून बाद केला होता. काल मोठा करून छापला. सोबत पाठवतेय. डोळे घाबरलेले आहेत, पण उघडे आहेत, सरळ आहेत. ती बघतेय माझ्याकडे, पण मागतेय तुम्हाला. हाच लावा. खाली माझं नाव घालू नका.

बरणी परत पाठवतेय, उघडलेली नाही. वर्षश्राद्धाला उकडलेले गहू वाटतात, त्याला मी येणार नाही. आले तर फाटकातून आत येताना मला तिच्यासमोरून यावं लागेल.

तुमची म्हणवत नाही,
रुम्याना