बुरुंडीतला सिंह

बोईसर, गुरुवार सायंकाळ.

औषधकंपनी कन्येला दोन वर्षे बुरुंडीस धाडणार, हे ऐकून सौभाग्यवतींचा अश्रुपात सुरू झाला. त्यांचे बंधू, ज्यांचा भूगोल सफाळ्यापाशी समाप्त होतो, म्हणाले, "तिथे रस्त्यात सिंह फिरतात!" काय हा मूढ! मग मी त्या देशाचे पर्वत, कॉफी आणि सरोवराची लांबी यांवर प्रवचन झोडले. अश्रू अखंड. सिंहही अढळ.

तेवढ्यात दांडी गावची कोळीण हिराबाई दारात आली; सारे ऐकून मासळीची टोपली उतरवत कन्येला म्हणाली, "तिथं सुकी मासली मिलते का, बाय?"

"मिळते, मावशी. सरोवरातले बारके मासे किनाऱ्यावरच वाळवतात."

"मग पोर उपाशी नाय राहायची. रडता कशाला, वयनी?"

सौभाग्यवतींनी डोळे पुसले.

सरोवरात मासे असतात, हे मला का सुचले नाही? आज घरात मूढ दोन होते.