कोपरा फाटलेलं कार्ड

तांदूळ निवडता निवडता तू वर पाहिलंस आणि सूप खाली ठेवलंस. मी उंबऱ्याबाहेर कार्ड घेऊन उभी होते. त्याचा कोपरा फाटलेला होता. "आत आणू नकोस," तू म्हणालीस. "तिथेच वाच आणि फाड. कोण गेलं?"

कोणी गेलं नव्हतं, आई. कोपरा मीच फाडला होता, जिन्यात, एडनच्या टपाल तिकिटासाठी. त्यावर शिडाचं जहाज होतं. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मृत्यूची बातमी, हे मला ठाऊक होतं. फाडताना आठवलं नाही. कार्ड दादाचं होतं. तो बोटीवरच्या नोकरीला निघाला तेव्हा "पुन्हा तोंड दाखवू नकोस" असं तू म्हणाली होतीस, आणि त्याच संध्याकाळपासून त्याच्यासाठी देवापाशी दिवा लावू लागलीस. दोन वर्षांनी त्याने लिहिलं होतं: मुंबईला उतरून दुसरी बोट धरायला गुरुवारी कलकत्त्याच्या मेलने निघतो आहे. गाडी आपल्या कल्याणला थांबते. आईचा राग गेला असेल तर तिला स्टेशनवर घेऊन ये. आली नाही तर समजेन.

तिकीट माझ्या मुठीत होतं. "बाबांच्या भावकीतलं कोणीतरी," मी म्हणाले. "नाव नीट लागत नाही."

"सातवीत गेलीस आणि मेलेल्या माणसाचं नाव वाचता येईना?" तू म्हणालीस. "लांबचं असेल. तीन दिवस पाळू."

बाबांमागे टपाल मीच वाचायची. तुला अक्षरओळख नव्हती. मी कार्डाचे तुकडे केले, तू माझ्या डोक्यावरून पाणी घातलंस. त्या संध्याकाळी दिवा लागला नाही. तो मंगळवार होता. बुधवारी सांगता आलं असतं. पण तू माझं खोटं इतकं मनापासून पाळत होतीस की माझं तोंड उघडेना.

त्याचं कार्ड पुन्हा आलं नाही. पुढे मी ठाण्याच्या शाळेत भूगोल शिकवला. नकाशावरचं एडन मुलींना नेहमी घाईने दाखवलं. तू पोस्टमन दिसला की पदराला हात पुसत दाराशी यायचीस. शेवटच्या आजारात विचारलंस, "दादाचं काही आलं का गं?" मी नाही म्हणाले. त्या दिवशी ते खरं होतं.

हे पत्र तुला कोणी वाचून दाखवणार नाही; ते काम माझं होतं. म्हणून राहिलेलं लिहिते. गुरुवारी मी स्टेशनवर गेले होते. तो डब्याच्या दारात उभा होता, उन्हाने रापलेला, हातात कागदात बांधलेलं काहीतरी. फलाटावरच्या एकेका बाईकडे पाहत होता. मी पाण्याच्या नळामागे होते. गाडी हलली तरी तो आत गेला नाही.

शुक्रवारी सकाळी सुतक फिटलं. तू दिवा लावलास आणि म्हणालीस, "तीन दिवस लावायचा राहिला गं. सुखरूप असेल ना तो?" मी शाळेत गेले आणि मैत्रिणींना तिकीट दाखवलं.