बाबा, तुम्ही कांदा सोडलात

बाबा,

सिंदी मेघे गावच्या एका बाईंकडून मी फुलांची औषधं आणि होमिओपॅथी शिकून वडनेरला परत आले, तेव्हा माझे पहिले पेशंट तुम्हीच होतात. घरातली पहिली पदवीधर विचारणार म्हणून तुम्ही धुतलेला सदरा घालून ओसरीवर माझ्यासमोर बसला आहात. माझ्या हातात वही आहे. फुलांचे थेंब स्वभाव बघून द्यायचे असतात, म्हणून मी विचारते, कशाची भीती वाटते? तुम्ही स्वयंपाकघराकडे बघून हळूच म्हणता, "तुह्या मायची. लिहून घे." आतून आई म्हणते, "मंग थेंब मलेच पाज." मी हसले नाही. दवाखान्यातल्या गोळ्या रोग नुसता दाबून ठेवतात आणि आपल्यासारख्यांना तिथे कोणी दोन शब्द विचारत नाही, असं मला मनापासून वाटत होतं. त्यातलं दुसरं मला अजूनही वाटतं. तुमची बीपीची गोळी मी त्याच दिवशी बंद करायला लावली. जिभेवर फुलांच्या औषधाचे चार थेंब, साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची एक बाटली, आणि कच्चा कांदा बंद. "कांदाच पिकवतो मी, माय," एवढंच तुम्ही म्हणालात. आणि सोडलात. वावरात भाकरीबरोबर नुसती मिरची खायचात.

बीपी ताब्यात राहिलं. दर महिन्याला मी वहीत आकडा लिहायचे आणि खाली रेघ ओढायचे. बाजारात भाजी तोलताना तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात, "पोरीच्या थेंबानं उतरला बीपी." ते ऐकून शेजारच्या काकूंनी आपलीही गोळी सोडली आणि त्या माझ्याकडे आल्या. मी त्यांना अडवलं नाही.

दिवाळीची झाडझूड करताना बारदान्याच्या घडीत तुमच्या बीपीच्या गोळ्यांची पाकिटं सापडली. अर्धी रिकामी.

"काऊन लपवलं, बाबा?"

"तुले वाईट वाटलं असतं." पाकिटं माझ्या हातून घेत तुम्ही म्हणालात, "अन् मले मरायचं नव्हतं."

"मंग बाजारात काऊन सांगत होते?"

"मी पोरीची तारीफ करत होतो. औषधाची नाई."

काकूंनी गोळी सोडल्याचं मी सांगितलं, तेव्हा तुमचा चेहरा उतरला. "जाय," म्हणालात, "आत्ताच जाय." काकू दोन दिवसांपासून चक्कर येते म्हणून पडून होत्या. मी त्यांना दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी बीपी दोनदा मोजलं आणि माझ्याकडे पाहिलं. काकू वाचल्या.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्हाला ऊन लागलं आणि तुम्ही गेलात, त्याला आता बरीच वर्षं झाली. माझ्याकडे अजून लोक येतात. दवाखान्याची गोळी चालू आहे ना, हे मी आधी विचारते, मग बाकीचं. थेंबांवर माझा किती विश्वास उरला आहे, ते मला नीट सांगता येत नाही. काकूंना मात्र मी दवाखान्यात नेलं त्या दिवशी एवढंच म्हटलं होतं, "तुमच्या तब्येतीले गोळी अन् थेंब दोन्ही लागते." तुम्हीही गोळी घेत होतात, हे सांगितलं नाही. तुम्ही माझ्याच औषधाने बरे झाला होतात, असं त्या आजही चारचौघांत सांगतात. मी गप्प बसते, बाबा. मला ते ऐकायला आवडतं.