लोखंड आधी बाहेर काढावे

मी, मनकर्णा गोरक्ष नरवडे, वय त्रेसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार तिसगाव, तालुका पाथर्डी, जिल्हा अहमदनगर, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या भिडेने किंवा धाकाने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहिते. डोळे चांगले आहेत, कान त्याहून चांगले आहेत, आणि डावा पाय सोडला तर शरीराबद्दल माझी तक्रार नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. नगरचे वकील श्री. मच्छिंद्र काळोखे यांनी मसुदा करून आणला होता, पण तो एका पानात संपला आणि त्यात चुंबकाच्या खोलीचे नावसुद्धा नव्हते. "बाई, मृत्युपत्रात घोड्याच्या नालेचा मजकूर कोणी घालत नाही," असे ते म्हणाले. मी म्हटले, मरणार मी आहे. म्हणून हे सर्व माझ्या हाताने लिहिले आहे. मात्र या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलांनीच करावी.

मला मूलबाळ नाही. माझी मिळकत अशी: माळावरचे शेत, गावाच्या कडेचे राहते घर व त्यामागचा गोठा, पोस्टातली शिल्लक आणि घरातल्या वस्तू. शेतात जी दगडी खोली आहे तिच्या भिंती माझ्या, आतले यंत्र संस्थेचे.

त्या खोलीविषयी गावात पुष्कळ बोलले जाते, म्हणून आधी ते लिहिते. सत्तावन्न साली जगभर पृथ्वी आणि सूर्य यांचे निरीक्षण करायचे ठरले, तेव्हा एका संस्थेने शाळामास्तरांना साद घातली. माझे यजमान हायस्कुलात विज्ञान शिकवत. त्यांनी ती खोली बांधून घेतली. आत रेशमाच्या धाग्याला टांगलेली चुंबकाची सुई आहे, तिला इवलासा आरसा आहे, आरशावर पितळी दिव्याचा उजेड पडतो आणि समोरच्या पट्टीवर त्याचा ठिपका उमटतो. सूर्यावर वादळ उठले की त्याचा धक्का पृथ्वीच्या चुंबकत्वाला बसतो. सुई केसभर वळते, ठिपका बोटभर सरकतो. तो कुठे आहे ते रोज ठरल्या वेळी लिहायचे, एवढेच काम. एवढेच म्हणते खरी, पण यजमान गेल्यानंतरही मी त्यात खंड पडू दिला नाही.

सुईजवळ लोखंड चालत नाही. म्हणून खोलीला पितळी खिळे आहेत, लाकडी खुंट्या आहेत, कडी-कोयंडा नाही. आत जाणाऱ्याने किल्ल्या, विळा, छत्री सगळे दूरच्या कडुनिंबाखाली ठेवायचे. एकदा तलाठी आले तेव्हा ठिपका जागचा हलला. कमरेच्या पिशवीतला अडकित्ता ते विसरले होते. "मनकर्णाबाई, तुमच्यापुढं सोवळ्याची बामणीन बरी," असे म्हणत अडकित्ता ठेवायला ते परत झाडापर्यंत चालत गेले.

पाच वर्षांपूर्वी त्याच खोलीच्या पायरीवरून मी पडले. नगरच्या डॉक्टरांनी मांडीच्या हाडात पोलादी सळई घातली. हे पोलाद चुंबकाला दाद देत नाही, असे ते म्हणाले. मी एकदा आत जाऊन पाहिले. ठिपका हलला की मला भास झाला, ते सांगता येत नाही. पण शंकेला जागा ठेवायची नाही, म्हणून त्या दिवसापासून मी खोलीत पाऊल टाकलेले नाही. माझ्या मदतीला असलेली गावातली बायडाबाई आत जाते, आकडा मोठ्याने सांगते, मी झाडाखाली बसून लिहिते. दर वर्षी ती दसऱ्यानंतर ऊस तोडायला जायची. माझा पाय मोडला तेव्हापासून गेली नाही. तिच्या घरच्यांनी त्यावरून तिला काय काय ऐकवले ते मला ठाऊक आहे.

आता नालेविषयी. गेल्या वर्षी चार ऑगस्टच्या सकाळी बायडाबाई आतून ओरडली, "बाई, ठिपका जाग्यावर न्हाई!"

"कुठे आहे?"

"भिताडावर हिंडतुय. वाचू कसा? थांबतच न्हाई."

मी तिला लुगडे झटकायला लावले, पांदीतून बैलगाडी गेली का ते पाहायला पाठवले. पांदण रिकामी होती. दिवसभर ती जसा जमेल तसा आकडा सांगत राहिली आणि मी लिहीत राहिले. पुढे संस्थेच्या साहेबांचे पत्र आले की सूर्यावर फार मोठा स्फोट झाला होता आणि सगळ्या जगाच्या सुया त्या दिवशी अशाच भरकटल्या होत्या. मला इतका आनंद झाला की मी शेजारणींना गूळ वाटला. दुष्काळात गूळ वाटते म्हणून त्यांनी मला वेड्यात काढले ते वेगळे.

पण पत्र यायच्या आधीच बायडाबाईने आपल्या परीने इलाज केला होता. सुई पिसाळली म्हणजे खोलीला नजर लागली, असे तिला वाटले. ती शनिशिंगणापूरला जाऊन आली आणि काळ्या घोड्याची नाल आणून चौकटीच्या वर, आतल्या बाजूने, मला कळू न देता ठोकून बसली. मी आत जात नव्हते, मला दिसणार कशी? ठिपका थोडा सरकून तिथेच राहिला. मला वाटले, वादळाचा परिणाम उरला असेल.

दिवाळीआधी साहेब तपासणीला आले आणि नाल हातात घेऊनच बाहेर आले. बायडाबाई रडायला लागली. "साहेब, चूक माजी हाय. बाईंचं बंद करू नका." नालेने ठिपका एकदा सरकतो, भिंतीवर हिंडत नाही, आणि ती लावली वादळानंतर, हे मी त्यांना सांगितले. साहेब म्हणाले, "बाई, हे मला तुमच्याइतकंच कळतं. पण वर पैसेच नाहीत. लोकांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही सूर्याचे आकडे काय मोजता, असं मला बैठकीत विचारतात. नाल नसती तर त्यांनी दुसरं काहीतरी शोधलं असतं." महिन्याभरात अनुदान बंद झाल्याचे पत्र आले. त्यात नालेचा उल्लेख होता, वादळाचा नव्हता. साहेबांवर माझा राग नाही. ज्यांनी बैठकीत तो प्रश्न विचारला त्यांच्यावर आहे, आणि तो मी कोणालाही वारसाहक्काने देत नाही, सोबत घेऊन जाते.

त्या प्रश्नाचे उत्तर मात्र इथे लिहून ठेवते. पाऊस पडला नाही हे सरकारला कशावरून कळले? पर्जन्यमापकाजवळ रोज सकाळी कोणीतरी गेले, आत काही नाही हे पाहिले आणि शून्य लिहिले म्हणून कळले. सूर्याचेही तसेच आहे. आज न लिहिलेला आकडा उद्या कितीही पैसे ओतले तरी मिळत नाही.

अनुदान गेले ते गेले, त्यात पुतण्या सहादेव माझ्याकडे आला. माळावरच्या शेतात पाणी आहे असे पाणाड्याने सांगितले आहे, आणि जागा दाखवली ती नेमकी खोलीला लागून. तो म्हणाला, "काकी, तुमची सुई सूर्याचं बगती, व्हय. पर माजी जनावरं छावनीत हायती अन् बायकू खडी फोडती. हितं हीर घेतली तर सगळी जगत्यात." मी त्याच्यावर ओरडले. विहीर आली की मोटार आली, तारा आल्या, सुई संपली. पण रात्रभर मला त्याच्या बायकोचे हात दिसत राहिले. त्याचे म्हणणे खोटे नाही, माझेही खोटे नाही. म्हणून खालीलप्रमाणे वाटणी करते.

एक. माळावरचे शेत सहादेव कारभारी नरवडे यास द्यावे. त्याने विहीर खोदावी आणि दुष्काळात पिण्याचे पाणी कोणालाही नाकारू नये. विजेची तार ओढ्याच्या बाजूने न्यावी. राहत्या घरावरून नेली तर पाण्याची पहिली पाळी कायमची बायडाबाईची.

दोन. दगडी खोली मोडावी. तिचे वासे, पितळी खिळे आणि यंत्राखालचा दगड राहत्या घराच्या माजघरात आणून तिथे सुई टांगावी. यंत्र परत न्यायला संस्थेला परवडत नाही, ते गावातच राहू द्यावे, असे साहेबांनी लिहून दिले आहे. नव्या जागी ते बसवून द्यायला साहेब स्वतःच्या खर्चाने एस.टी.ने येणार आहेत. पुढचे आकडे त्यांच्या घरच्या पत्त्यावर पाठवावेत.

तीन. त्याआधी घरातले लोखंड बाहेर काढावे, ते असे:

लोखंडी कपाट आणि खाट सहादेवच्या बायकोस, मऊ अंथरुणासह. छपराचे पत्रे सहादेवला मोटारीच्या खोपीसाठी. पत्र्यांऐवजी घरावर मातीचे धाबे घालावे. यजमानांची सायकल हायस्कुलास, शिपायाला गावात निरोप पोचवायला. शिलाई मशीन सुईण रंगुबाई हिच्या सुनेस. भाकरीचा तवा जाऊबाई आक्काबाई यांस. माझ्या भाकरीला त्यांनी जन्मभर नावे ठेवली, आता दोष तव्याचा होता की हाताचा ते त्यांनी घरी तपासून पाहावे. दारे, बिजागऱ्या, कड्या, कुलपे ज्याला हवीत त्याने न्यावीत. शिंगणापुरात शनिदेवाच्या भरवशावर दारे नाहीत, इथे सुईच्या धाकाने नसतील. शेवटी वकिलांनी हातात होकायंत्र घेऊन घरभर फिरावे. जुन्या भिंतींत खिळे राहतात.

चार. रिकामे झालेले घर आणि गोठा बायडाबाई सखाराम पालवे हिला द्यावे. तिने गोठा दुरुस्त करून त्यात राहावे, तिथे तिला विळा, तवा सगळे चालेल. पोस्टातली शिल्लक तिचीच, दिव्याचे रॉकेल, टपाल आणि तिचे पोट यांसाठी. तिला पुन्हा ऊसतोडीला जायचे असेल तर तिने खुशाल जावे, घर तरीही तिचेच. तिला बांधून ठेवायचा मला हक्क नाही. ती राहील असे मला वाटते.

पाच. घोड्याची नाल विहिरीच्या खोपीवर ठोकावी. बायडाबाईने ती मायेने आणली होती. तिला त्यावरून कोणी बोलू नये. मी एकदा बोलले, तेवढे पुरे.

सहा. मला अग्नी दिल्यावर राखेत ती पोलादी सळई सापडेल. ती लोहाराला द्यावी, विहिरीच्या कामाला कुठेतरी लागेल. अस्थी तांब्याच्या कलशात भराव्यात. प्रवरासंगमाला नेण्याआधी सुई नव्या जागी बसेपर्यंत कलश गोठ्यात थांबवावा. ती बसली की कलश माजघरात नेऊन यंत्राच्या दगडाशी ठेवावा, आणि बायडाबाईने नेहमीच्या वेळी ठिपका पाहावा. तो जागचा हलणार नाही. तिने आकडा मोठ्याने सांगावा, मी तिथेच असेन. लिहायचे मात्र तिने.

हे मृत्युपत्र मी साक्षीदारांसमोर वाचून त्यावर सही केली. साक्षीदारांना यातून काहीही मिळत नाही, चहा तेवढा मिळाला.

मनकर्णा गोरक्ष नरवडे
(सही)

साक्षीदार:
१. राधाकृष्ण विठोबा गर्जे, पोस्टमास्तर (सही)
२. गहिनीनाथ भिवा मरकड, शेती (सही)

दिनांक ९ मार्च १९७३
स्थळ: माळावरचे शेत, तिसगाव. खोलीबाहेर, कडुनिंबाखाली.