डावीकडचं दुकान

सोमवार, ६ ऑक्टोबर

वर्तकनगरच्या नाक्यावरचं 'आशिर्वाद पोळी-भाजी केंद्र' अजून तसंच! शि ऱ्हस्व! दोन आठवडे मिझोरामच्या सीमेवर काढून आलो. तिथे नदीपलीकडे ब्रह्मदेशात यादवी पेटली आहे, पण ठाण्यातली ही एक वेलांटी कुणाच्याने हललेली नाही. केंद्राच्या मालकाला, तानाजीला, पुन्हा समजावलं. म्हणतो, "सर, ऱ्हस्व असो की दीर्घ, पोळी गोलच येते ना?"

सहा पोळ्या घेऊन आलो.

शीला म्हणाली, "दुसऱ्याची चूक काढल्याशिवाय तुमच्या घशाखाली घास उतरायचा नाही."

मंगळवार, ७ ऑक्टोबर

पेपरसाठी बातमीपत्र लिहून पाठवलं. सीमेवरच्या नदीच्या पुलाजवळच्या त्या गावाचा नियम सरळ आहे — पलीकडच्या कुणाचीच बाजू घ्यायची नाही, माल सगळ्यांना. तांदूळ सैनिकाच्या घरीही जातो, बंडखोराच्या घरीही. तिकडून येते सुपारी. मोई नावाची पन्नाशीची दुकानदारीण म्हणाली, "हम किसी का नहीं, दुकान का है."

मी ऐटीत तिला 'तटस्थ' फोडून सांगितला. तटे तिष्ठति — काठावर उभा तो. ती हसत सुटली. "किनारे पे खड़ा है? फिर बाढ़ आएगा तो पहले वोही जाएगा!"

पाठशाळेत सात वर्षं घालवली, शास्त्रीबुवांना हे एकदाही सुचलं नाही.

मग आवाज उतरवून तिने सांगितलं — तांदळाच्या पोत्यांतून ती जखमी बंडखोरांसाठी औषधं धाडते. "ये मत लिखना, भैया."

लिहिलं. पण 'पुलाजवळच्या एका दुकानातून' एवढंच. नाव नाही. त्याशिवाय बातमीपत्राला जीव आला नसता.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

छापून आलं. पहिल्या पानावर उल्लेख!

शीलाने चष्मा लावून पूर्ण वाचलं. "ती नको म्हणाली होती ना?"

"नाव कुठे घातलंय?"

"नाव नाही घातलंत, पण पूल घातलात की!"

तिथे पुलाजवळ दुकानं दोन. हे मी तिला सांगितलं नाही.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

वाचकाचा फोन — थेट सिलचरहून! सुपारीचा व्यापारी आहे म्हणाला. कुणीतरी लेख हिंदीत वाचून दाखवला म्हणे. हिंदी फार गोड. माझी भाषा, माझी नजर... दहा मिनिटं स्तुती. मी फुगलो, कबूल.

शेवटी म्हणाला, "वो पुल के दाहिनी तरफ़ वाली दुकान ना, साहब?"

"नहीं, नहीं! बाईं तरफ़. चर्च के नीचे."

उजवं-डावंसुद्धा कळत नाही लोकांना!

शनिवार, ११ ऑक्टोबर

जेवताना शीलाला फोनचं कौतुक सांगत होतो. तिचा हात ताटातच थांबला. "त्याला दुकान कशाला हवं होतं हो?"

ताटावरून उठलो. त्याचा नंबर लावला — बंद. मोईचा लावला — लागत नाही. पुन्हा लावला. पुन्हा. तिथल्या चर्चच्या पाद्रींचा नंबर मी घेतलेला नाही. दुसऱ्या कुणाचाच घेतलेला नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

लागत नाही. तिकडे रेंज चार-चार दिवस नसते, हे मी स्वतः पाहिलं आहे. शीलालाही तेच सांगितलं.

पण मला भीती वाटते. तो उजवीकडे गेला असता. मी त्याची चूक दुरुस्त केली.